गर्दीच्या पायांनी आखलेलं शहर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा, इतवारीत गाडी घालायची नाही, हे नागपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. पेपरात वाहतूक बदलाची सूचना छापून येते, पण ती बाहेरगावच्यांसाठी. तरी दरवर्षी एखादा गाडीवाला त्या गल्ल्यांत अडकतोच आणि पानठेल्यावरून आवाज येतो, "गाडी कायले आणली बे आज इकडे?"

माझं आजोळ त्याच भागातलं. मामी आदल्या रात्रीच ओट्यावरच्या कुंड्या, सायकल, शिडी आत घेऊन ठेवायची. सकाळी गॅलरी आमची नसायचीच. नात्यातल्या, ओळखीतल्या, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बायकापोरांनी ती गच्च भरून जायची. मामा म्हणायचे, "आज घर आपलं नाही, मारबतीचं आहे." मला ती थट्टा वाटायची. पुष्कळ वर्षांनी शहरं कशी घडतात याबद्दल वाचायला लागले, तेव्हा कळलं की मामा थट्टा करत नव्हते.

सण शहरात होतात हे सगळ्यांनाच दिसतं. पण सणांमुळे शहर घडतं, असं जेव्हा म्हणतात तेव्हा नेमकं काय घडत असतं? रस्ता, मैदान, चौक, धंदा, शेजार यांत काय बदलतं, आणि सण संपल्यावर मागे काय उरतं? हे समजून घ्यायला मला खेड्यातलाच एक शब्द सगळ्यात जास्त उपयोगी पडला आहे. तो म्हणजे वहिवाट.

वहिवाट म्हणजे वापराने पडलेली वाट. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बैलबंडी जाते, उद्या पुन्हा जाते, बापाची गेली तशी मुलाची जाते. सातबाऱ्यावर कुठे रस्ता काढलेला नसतो, तरी गाव त्याला रस्ता मानतं. नुसतं मानत नाही, कायदाही थोडीफार साथ देतो. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्याप्रमाणे वीस वर्षं विनाअडथळा वापर असला तर जाण्यायेण्याचा हक्क लागू होऊ शकतो; जमीन सरकारी असेल तर तीस वर्षं. वहिवाटीच्या रस्त्यात कुणी काट्या टाकल्या तर तहसीलदाराकडे जाता येतं, त्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे. आधी पाय, मग हक्क, आणि सगळ्यात शेवटी कागद, असा हा क्रम असतो.

शहरात आपण उलटं समजतो. आधी नकाशा, मग रस्ता, मग त्यावर चालणारे आपण. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं शहर धुऱ्यावरच्या वाटेसारखंच पडलेलं असतं, फक्त इथे बंडी रोज जात नाही. वर्षातून एकदा जाते, पण तिच्यामागे लाखभर माणूस असतो.

मारबतीचंच घ्या. काळी मारबत आणि पिवळी मारबत अशा दोन भल्यामोठ्या स्त्रीरूपी पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची धरतात, पिवळीची १८८५ पासूनची. पिवळी मारबत तेली समाजाने सुरू केली आणि जागनाथ बुधवारीत तिचा मान अजून तोच आहे. काळीमागे दोन गोष्टी सांगतात. एक पूतना राक्षसीची. दुसरी खास नागपूरची, भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाईंची. त्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, राज्य गेलं, आणि लोकांनी तो राग पुतळ्यावर काढला. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसी याने नागपूरचं राज्य खालसा केलं १८५४ मध्ये. म्हणजे पहिली मारबत निघाली तेव्हा ते दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसं इतवारीत जिवंत होती. उघडपणे इंग्रजाला शिव्या देण्याची सोय नव्हती. पुतळ्याला देण्याची होती.

या दोघींबरोबर बडगे निघतात. बडगे म्हणजे त्या त्या वर्षीच्या त्रासांचे पुतळे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, रस्त्यावरच्या खड्ड्यांचा, कधी एखाद्या रोगाचा, कधी एखाद्या पुढाऱ्याचाही. पोरं त्यांना हाणत, नाचवत नेतात आणि "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" या आरोळीने सगळं शहराबाहेर हाकलतात. नेहरू पुतळ्याच्या चौकात काळी आणि पिवळी समोरासमोर येतात, तो क्षण पाहायला लोक पहाटेपासून जागा धरून बसतात. शेवटी दहन.

हे निव्वळ मनोरंजन नाही. गावात पोळ्याला दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिवेबाहेर नेऊन टाकायची रीत विदर्भात सगळीकडे आहे. नागपूरने त्या रीतीला शहरी केलं. फांदीच्या जागी पुतळा आला, ढेकूण-मोंगशांसारख्या किडींच्या जागी महागाई आली. ज्या माणसाला महापालिकेत अर्ज कसा करायचा माहीत नाही, त्याच्यासाठी ही वर्षातून एकदा भरणारी तक्रारवही आहे. आता त्या वहीतल्या नोंदी कुणी वाचून कारवाई करतं का? खड्ड्यांचा बडग्या मी इतक्या वेळा पाहिलाय की उत्तर देत नाही.

पण रस्त्याचं काय झालं ते बघा. दीडशे वर्षांत इतवारी नागपूरची सगळ्यात दाट बाजारपेठ झाली. जागेचा भाव असा, की इंचासाठी भाऊबंदकी होते. तरी ज्या रस्त्यांनी मारबत जाते ते पुतळ्याच्या उंचीला मोकळे ठेवावे लागतात. कुठे छज्जा किती बाहेर आणायचा, कुठे कमान कायमची लावायची नाही, हे ठरवताना दुकानदाराच्या डोक्यात तो एक दिवस असतोच. मिरवणुकीत लांब बांबू घेतलेली पोरं तारा उचलून धरतात, हे मी लहानपणापासून पाहत आले. नगररचनेच्या कुठल्याही नियमात हे नाही. ही वहिवाट आहे.

रस्त्यावरून मिरवणूक नेणं हा हक्क आहे की मेहेरबानी, हा प्रश्न मात्र कोर्टात गेलेला आहे, आणि त्याचं उत्तर प्रत्येक मंडळाच्या कार्यकर्त्याला पाठ असायला हवं. १९२४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने, एका निकालात सांगितलं की सार्वजनिक रस्त्यावरून धार्मिक मिरवणूक नेण्याचा हक्क लोकांना आहे. मात्र वाहतुकीसाठी आणि शांततेसाठी दिलेले आदेश पाळावे लागतील आणि इतरांच्या रस्ता वापरण्याच्या हक्कावर गदा येता कामा नये. स्वतंत्र भारतात, १९७२ मध्ये, अहमदाबादच्या हिंमतलाल शहा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने रस्त्यावरच्या सभांबद्दल जे म्हटलं त्याचा गाभाही तसाच आहे. सरकार नियम घालू शकतं, पण सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडून सरसकट बंदी करू शकत नाही. साध्या भाषेत, परवानगी मागायची असते ती वेळ, वाट आणि आवाज यांची.

नागपूरने ही लढाई कोर्टाच्याही आधी रस्त्यावर लढली आहे. १९२३ चा झेंडा सत्याग्रह. तिरंगा घेऊन मिरवणूक सिव्हिल लाइन्सकडे नेऊ द्यायची नाही असा इंग्रज सरकारचा हुकूम होता. सिव्हिल लाइन्स म्हणजे साहेबांचे बंगले, कचेऱ्या. शहराचा एक भाग असा, जिथे शहराच्याच लोकांनी घोळक्याने जायचं नाही. जमनालाल बजाज यांनी सत्याग्रह चालवला, त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल आले. देशभरातून स्वयंसेवक यायचे, झेंडा घेऊन निघायचे, पकडले जायचे. हजारावर माणसं तुरुंगात गेली. शेवटी ऑगस्टमध्ये मिरवणूक त्या रस्त्याने गेली. विचार केला तर मागणी केवढीशी होती! एका रस्त्यावरून चालत जायचं, एवढीच. पण शहर कुणाचं, या प्रश्नाचं त्याहून नेमकं उत्तर दुसऱ्या कशाने मिळालं नसतं.

कार्यक्रम संपतो, मांडव उतरतो, पण कधीकधी नाव उरतं. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपूरला भरलं, असहकाराच्या ठरावावर तिथे शिक्कामोर्तब झालं. आज काँग्रेसनगर ही शहरातली एक शांत, झाडीची वस्ती आहे आणि तिथे घर शोधणाऱ्या बहुतेकांना नावातली काँग्रेस ही अधिवेशनाची आहे याचा पत्ता नसतो. महालातली चितार ओळ तर सणांवरच उभी आहे. भोसल्यांच्या काळापासून चितारी कुटुंबं तिथे मूर्ती घडवत आणि रंगवत आली. गणपती, मग देवी, मग लक्ष्म्या, असा त्यांचा हंगाम. एरवी ती गल्ली पाहिलीत तर कुठल्याही जुन्या पेठेतली गल्ली वाटेल. आषाढ लागला की ओट्यांवर, मांडवांखाली, अक्षरशः रस्त्याच्या कडेला मातीची पोटं आणि सोंडा वाळत पडतात. सणांचं अर्थकारण म्हणतात ते हे. वर्षाची कमाई दोन-तीन महिन्यांत करायची, त्यासाठी कर्ज काढून माती-रंग भरायचे, आणि पाऊस किती लांबतो यावर जीव टांगलेला. मंडळाच्या वर्गणीतला रुपया मूर्तिकाराकडे, मांडववाल्याकडे, बँडवाल्याकडे गेला तर तो पुन्हा नागपुरातल्याच किराणा दुकानात येतो. बाहेरून आणलेल्या लेझर दिव्यांच्या भाड्यावर गेला तर रेल्वेने निघून जातो. सणाने शहराला किती मिळतं हे उलाढालीच्या आकड्यावरून कळत नाही, रुपया कितीदा गावातच फिरतो त्यावरून कळतं.

आता दसरा. नागपूर समजून घ्यायचं असेल तर या दिवशी यावं, असं मी पाहुण्यांना सांगते, आणि त्याच दिवशी येऊ नका असंही सांगते, कारण हॉटेलात खोली मिळत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६. त्या वर्षी विजयादशमी त्या तारखेला होती. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या सुमारे चौदा एकर मोकळ्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भन्ते चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञांसह दीक्षा दिली. नागपूरच का, हे त्यांनी स्वतःच दुसऱ्या दिवशीच्या भाषणात सांगितलं. भारतात बौद्ध धर्माचा प्रसार करणारे नाग लोक या भागातले होते, म्हणून नागपूर. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ इथे आहे म्हणून हे ठिकाण निवडलं, ही समजूत त्यांनी तिथेच खोडून काढली.

आज जिला दीक्षाभूमी म्हणतात, ती जागा त्या दिवशी म्हणजे एक मैदान होतं. भिंत नव्हती, स्तूप नव्हता, काही नव्हतं. दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. पुढच्या दसऱ्याला लोक पुन्हा आले. त्याच्या पुढच्यालाही. सरकारने बोलावलं नव्हतं, पत्रिका छापली नव्हती. आधी पाय, हा क्रम इथे डोळ्यांसमोर दिसतो. आज आपण पाहतो तो पोकळ घुमटाचा स्तूप शिव दान मल या वास्तुरचनाकारांचा; त्याचं लोकार्पण १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झालं. म्हणजे पंचेचाळीस वर्षं माणसं येत राहिली आणि मग इमारत उभी राहिली. बहुतेक शहरांत आधी स्मारक बांधतात आणि मग तिथे माणसं कशी येतील याची चिंता करतात.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणारा माणूस पर्यटक नसतो. तो मराठवाड्यातून, आंध्र-तेलंगणातून, उत्तरेतून रेल्वेच्या जनरल डब्यात उभ्याने येतो, दोन दिवसांची शिदोरी बांधून. आसपासच्या शाळांचे वर्ग मुक्कामासाठी उघडतात. वस्त्यावस्त्यांतून भोजनदानाचे मंडप लागतात. अनोळखी माणसाला पंगतीत बसवून "अजून घ्या" म्हणणारं शहर मी तिथेच पाहिलं. आणि पुस्तकं! रस्त्याच्या दोन्ही कडांना पुस्तकांचे स्टॉल. बाई आहे, डोक्यावर गाठोडं, हातात पोर, आणि ती दहा रुपयांच्या पुस्तिकेपासून जाडजूड खंडापर्यंत हात फिरवत भाव विचारतेय, हे दृश्य साहित्य संमेलनातही सहसा दिसत नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना अक्षराची बंदी होती, ते यात्रेहून परत जाताना प्रसाद म्हणून पुस्तक नेतात. विदर्भातले कित्येक छोटे प्रकाशक वर्षाचं गणित या तीन दिवसांवर मांडतात.

वहिवाट आणि नकाशा यांची टक्कर कशी होते, याचं ताजं उदाहरणही इथलंच. दीक्षाभूमीच्या विकासाच्या कामात जमिनीखाली पार्किंग करण्याचं ठरलं, खोदाईही झाली. नकाशावर त्यात चूक काही दिसत नव्हती. गर्दी होते, गाड्या येतात, जागा हवी. पण खोदाईने स्तूपाला धोका पोचेल ही लोकांना भीती वाटली आणि त्याहून खोल एक प्रश्न होता. इथे येणारा बहुतांश माणूस चालत येतो. मग जमीन कुणासाठी खोदायची? १ जुलै २०२४ रोजी लोक हजारोंनी जमले, बांधकामाची तोडफोड झाली, त्याच दिवशी सरकारने कामाला स्थगिती दिली आणि पुढे खड्डा बुजवला गेला. तोडफोडीचं समर्थन मी करणार नाही. पण कंत्राट निघण्याआधी दसऱ्याच्या रात्री दोन तास त्या रस्त्यावर उभं राहून कोण कसं येतंय एवढं पाहिलं असतं, तर तो खड्डा खणलाच गेला नसता, असं माझं मत आहे.

याच दसऱ्याला सकाळी रेशीमबागेत संघाचा उत्सव असतो. संघाची स्थापना १९२५ च्या विजयादशमीची आणि नागपूरचीच. संध्याकाळी कस्तूरचंद पार्कवर रावणदहन. घराघरांत आपट्याची पानं घेऊन माणसं जातयेत असतात. एकमेकांशी न पटणारे विचार एकाच तिथीला, चार-पाच किलोमीटरच्या आत, आपापली माणसं घेऊन उभे राहतात आणि रात्री सगळे त्याच बसस्टँडवर येतात. हे आपोआप घडत नाही. वाटा वेगळ्या आखलेल्या असतात, वेळा मागेपुढे केलेल्या असतात, आणि इतक्या वर्षांत प्रत्येकाला दुसऱ्याची वाट माहीत झालेली असते. शेजारधर्म म्हणतात तो बराचसा वेळापत्रकाचा भाग असतो, हे ऐकायला रुक्ष वाटेल. पण गल्लीत अजानीच्या वेळी ढोल थांबवणारं मंडळ आणि मिरवणुकीला पाणी वाटणारी शेजारची मुलं हेही त्याच वेळापत्रकाचं दुसरं नाव. ताजबागेतल्या ताजुद्दीन बाबांच्या उर्साला जाणाऱ्यांत हिंदू घरं किती असतात ते सक्करदऱ्याच्या कुठल्याही फुलवाल्याला विचारा. बाबा १९२५ मध्ये गेले. त्यांना मानाने आपल्याकडे आणून ठेवलं होतं ते राजे रघुजीराव भोसल्यांनी.

गर्दीचं एक गणितही आहे, आणि ते प्रत्येकाला यायला हवं, कारण ते चुकलं की माणसं मरतात.

एक चौरस मीटर जागा घ्या, म्हणजे साधारण सव्वातीन फूट लांब आणि तितकीच रुंद. त्यात दोन माणसं असतील तर आरामात चालता येतं. चार झाली की खांद्याला खांदा लागतो, चाल मंदावते. पाचाच्या पुढे गेलं की कुणी आपल्या मर्जीने चालत नाही. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते. मागून एक हिसका बसला की त्याची लाट पुढे जाते, पाय जमिनीवरून उचलले जातात. अशा वेळी माणूस सहसा तुडवून मरत नाही, उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन श्वास कोंडून मरतो. पुढच्यांवर काय बेततंय ते मागच्यांना दिसत नाही, म्हणून ते ढकलतच राहतात. दुसरा आकडा वाटेचा. एक मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर ऐंशीएक माणसं जाऊ शकतात. सहा मीटरचं फाटक असेल तर मिनिटाला पाचशेच्या आत, तासाला तीस हजारांच्या आत. लाखभर माणूस त्या फाटकातून काढायला सगळं सुरळीत असलं तरी साडेतीन तास लागणार. त्यात मध्येच कुणी खेळण्यांचा ठेला लावला तर हिशेब संपला.

नागपूर हे गणित पुस्तकातून शिकलं नाही. विदर्भ मराठी राज्यात आणण्यासाठी नेत्यांत झालेल्या १९५३ च्या नागपूर करारामुळे आणि पुढच्या राज्यनिर्मितीमुळे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे भरतं. (नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, ती गेली, त्याची भरपाई म्हणून वर्षातले काही आठवडे. अधिवेशन आलं की दुभाजकांना रंग लागतो, हा इथला जुना विनोद.) अधिवेशनाबरोबर मोर्चे येतात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी घेऊन गोवारी समाजाचा मोर्चा आला. गावागावांतून आलेली माणसं, बायका आणि लेकरं मोठ्या संख्येने. मॉरिस कॉलेजजवळच्या टी पॉइंटवर मोर्चा अडवलेला, समोर कठडे, मागून येणारी गर्दी. पोलिसांनी लाठीमार केला, पळापळ झाली आणि ११४ जण चेंगरून गेले. त्यांचं स्मारक झिरो माइलच्या परिसरात आहे आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचं नाव आहे. दर २३ नोव्हेंबरला समाज तिथे येतो. शोकाचीही वहिवाट पडते.

सणांचा त्रास होतो, हेही सांगायलाच हवं. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा घरासमोर नऊ दिवस मांडव होता. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्यातली मर्यादा मी मंडळाच्या पोरांना वाचून दाखवली. त्यांनी अत्यंत आदराने "हो काकू" म्हटलं आणि आवाज होता तितकाच ठेवला. चौथ्या दिवशी मी कायदा सोडला आणि त्यांना घरात नेऊन आईला दाखवलं. त्यानंतर मांडवाचं तोंड त्यांनी स्वतःहून फिरवलं. यातून सगळीकडे असंच करा असा उपदेश काढता येणार नाही, प्रत्येकाच्या घरात दाखवायला आजारी आई नसते. नियम लागतोच. पण ज्या गर्दीला आपण तोंड नसलेली समजतो, ती दहा-बारा ओळखीच्या पोरांची असते.

वहिवाट मोडता येते का? नुसती बंद करून येत नाही, दुसरी वाट काढून द्यावी लागते. विसर्जनाचं तसं झालं. फुटाळा, गांधीसागर, सक्करदरा, सोनेगाव या तलावांत पिढ्यान्‌पिढ्या गणपती शिरवले. पुढे मूर्ती प्लास्टरच्या झाल्या, रंग रासायनिक झाले; प्लास्टर विरघळत नाही, ते तळाशी थर धरून बसतं. सुरुवातीला नुसती आवाहनं झाली, त्यांना कुणी भीक घातली नाही. मग वस्तीवस्तीत कृत्रिम टाकी आली, निर्माल्याला वेगळे कलश आले, आणि तलावाच्या काठाला कठडे लागले. पहिल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी टाकीकडे पाहून विचारलं होतं, "देवाले टाक्यात बुडवू का आता?" आता त्यांची नातवंडं तलावावर जायचं असतं हे विसरूनही गेली आहेत. सवय मोडायला मला वाटलं होतं त्याहून फार कमी काळ लागला.

याच्या उलट उदाहरण क्रिकेटचं. पूर्वी मोठे सामने सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर व्हायचे आणि सदर-सीताबर्डीच्या हॉटेलांपर्यंत त्याचा गलका पोचायचा. २००८ पासून कसोट्या वर्धा रोडवर, जामठ्याला गेल्या. मैदान उत्तम आहे. लोक जातात, पाहतात, रस्त्यावर तुंबतात, परत येतात. शहराच्या अंगाला त्याचं काही लागत नाही.

पुन्हा पोळ्याकडे येते, कारण मारबतीच्या दिवशीच संध्याकाळी तान्हा पोळा भरतो. मोठ्या पोळ्याला खरे बैल सजतात, तोरण बांधतात, झडत्या म्हणजे पोळ्याची लोकगीतं म्हणतात. तान्हा पोळा पोरांचा. लाकडी बैल, त्याला चाकं, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो सुरू केला असं नागपुरात सांगतात. पोरं बैल घेऊन घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ-पैसा, मागतात. शहरात खरा बैल दिसेनासा झाला तरी हा सण टिकला, वाढला, कारण त्याला बैल लागतच नाही, गल्ली लागते.

माझा भाचा मनीषनगरच्या पुढे नव्या फ्लॅट स्कीममध्ये राहतो. तिथे गल्ली नाही, पार्किंग आहे. काही वर्षांपूर्वी तिथल्या आयांनी ठरवलं की पोळा पार्किंगमध्ये भरवायचा. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप पडला, चार वाजेपर्यंत ए विंगच्या गाड्या काढा. पहिल्या वर्षी भांडण झालं. दुसऱ्या वर्षी सेक्रेटरीने स्वतः तोरण बांधलं. तिसऱ्या वर्षी एकजण गाडी तशीच ठेवून गावाला गेला, फोन लागेना, तेव्हा पोरांनी बैलांची रांग त्या गाडीला वळसा घालून नेली.

गेल्या वर्षी मी मुद्दाम पाहायला गेले. गाड्या सगळ्या काढलेल्या होत्या, पार्किंग लख्ख रिकामं. रांग निघाली, खांबापर्यंत सरळ आली, आणि जिथे ती गाडी उभी होती तिथे सगळी पोरं बैल घेऊन वळली.